आमच्या जीपच्या सात खाचा

(भाग १४ ची संहिता. रेकॉर्डिंगमधले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढलीय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आधी एक काम सांगतो. तुमच्या गल्लीत, मामाच्या शेतात, कुठल्या तरी बंद पडलेल्या गॅरेजमध्ये जुनी जीप उभी असेल तर तिच्यासमोर जा आणि पुढच्या जाळीत उभ्या खाचा किती आहेत ते मोजा. नऊ भरल्या तर मला लगेच मेसेज करा. सात भरल्या तर हा भाग शेवटपर्यंत ऐका, कारण माझ्याही सातच भरल्या होत्या.

आमचं गाव पारोळ्याजवळ. जळगाव-धुळे हायवेने कधी गेला असाल तर आमच्या फाट्यावरून गेलाच असणार. आमच्या खळ्यात पत्र्याच्या शेडखाली एक जीप उभी असायची. आजोबांनी १९७८ मध्ये सेकंडहँड घेतलेली. मी लहान असल्यापासून तिचं नाव एकच ऐकलं, 'लढाईनी जीप'. आपल्या अहिराणीत म्हणतात तसं, "ती लढाईनी जीप शे भो, साधी नही." कुठली लढाई, कोणी विचारलं नाही. शाळेत दुसरं महायुद्ध शिकवलं तेव्हा मी ते परस्पर जोडून टाकलं. ही गाडी बर्मात होती, जपान्यांवर धावून गेली होती. वर्गात तसं सांगून भावही खाल्ला.

मग बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि घरून काम करायच्या काळात मी सहा महिने गावी होतो. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांचा जुना कोड दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी शेडमध्ये जाऊन त्या जीपकडे बघत बसायचं. यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेतले रिटायर झालेले काका लोक दाखवतात ना, गंजलेली जीप शेतातून ओढून काढतात, दोन वर्षं घासतात, हिरवा रंग देतात, बोनेटवर पांढरा तारा काढतात. ते बघून ठरवलं, आपणही करायचं. तारासुद्धा काढायचा.

पहिली माती तिथेच खाल्ली. मोजल्या तर खाचा सात.

आता यात काय एवढं, ते समजायला जरा मागे जाऊ.

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून बाहेर. अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं, आम्हाला हलकी, चारही चाकांना जोर लागेल अशी छोटी गाडी हवी, नमुना ४९ दिवसांत द्या. यातल्या बहुतेकांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. बँटम नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी तयार झाली. तिने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० ला नमुना लष्कराच्या दारात उभा होता. डेडलाइनच्या दिवशीच. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना या माणसाबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटेल.

बँटमच्या नशिबात मात्र फार काही आलं नाही. तिच्याकडे मोठा कारखाना नव्हता. लष्कराने आराखडे विलिज आणि फोर्डच्या हाती दिले आणि युद्ध संपेपर्यंत जवळजवळ साडेसहा लाख जीपा तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्या या दोघांच्या. विलिजच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डच्या मॉडेलचं जीपीडब्ल्यू. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी हे फोर्डच्या भाषेत ८० इंची व्हीलबेसचं चिन्ह, आणि डब्ल्यू म्हणजे डिझाइन विलिजचं. इंजिन २.२ लिटर पेट्रोल, ६० हॉर्सपॉवर. गाडीचं वजन टनभरापेक्षा थोडं जास्त. चिखलात अडकली तर चार-सहा जवान ढकलून बाहेर काढायचे.

ती जाळी फोर्डची करामत. आधी विलिजवाले लोखंडी पट्ट्या वेल्ड करून जाळी बनवायचे. फोर्डने एकाच पत्र्यात ठोकून नऊ खाचा काढल्या. स्वस्त, हलकी, पटकन होणारी. मग विलिजनेही तीच उचलली. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी जी जीप आली तिचे हेडलाइट मोठे झाले आणि खाचा सात राहिल्या. म्हणून नऊ म्हणजे युद्धातली, सात म्हणजे नंतरची. ढोबळ हिशोब आहे, जाळ्या बदलता येतात, पण सुरुवात इथून करायची.

आमची गाडी निघाली सीजे-थ्रीबी. बोनेट पाहिलं तरी कळायला हवं होतं. याचं इंजिन उंच, म्हणून बोनेट डोक्यावर फेटा बांधल्यासारखं वर आलेलं. विलिजने हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं आणि आपल्याकडे ते महिंद्रने बनवलं. आमची गाडी कागदोपत्री १९६२ ची, मुंबईत बनलेली. बर्मा, जपानी, सगळं गेलं.

पण मग गावाने 'लढाईची' हे नाव आणलं कुठून? शोधायला लागलो आणि त्या एका शब्दामागे अख्खा बाजार सापडला.

दुसऱ्या महायुद्धात भारत म्हणजे मोठं गोदाम होतं. आसाममधल्या लेडोपासून बर्मातून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत १७०० किलोमीटरहून लांब रस्ता अमेरिकनांनी जोडून घेतला, आणि त्यासाठीच्या जीपा, ट्रक, बुलडोझर, विमानं सगळं भारतात उतरलं. १९४५ मध्ये युद्ध थांबलं. हा माल परत न्यायला जहाजं आणि पैसा लागणार, मग कोण नेतो? १९४६ साली अमेरिकेने भारत सरकारशी हिशोब मिटवला आणि बराचसा माल इथेच राहिला. सरकारने तो विकायला काढला. त्या विक्रीला म्हणायचे डिस्पोजल. तो शब्द आजही आपल्याकडे जिवंत आहे बघा. जुन्या बाजारात जाडजूड बूट, गोधडीसारखं जॅकेट, पाण्याची बाटली दिसली की दुकानदार म्हणतो, "डिस्पोजलचा माल आहे, फाटणार नाही."

त्या मालाचं पुढे काय झालं याची एक भन्नाट गोष्ट आहे. जीपची नाही, विमानांची, पण सांगतोच. कानपूरला चकेरीच्या तळावर लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं टाकून दिली होती. कोणी वापरू नयेत म्हणून जाताना मुद्दाम मोडलेली. बुलडोझर घातलेले, इंजिनांत वाळू ओतलेली. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांना सांगितलं गेलं, यातून काही उडतंय का बघा. त्यांनी याचा पंख त्याला, त्याचं इंजिन याला असं करत एकेक विमान फक्त बंगळूरपर्यंत पोहोचेल इतपत उभं केलं. जमशेद मुन्शी हे त्यांचे टेस्ट पायलट ही विमानं बंगळूरला उडवत न्यायचे. चाळीसहून जास्त विमानं अशी गेली, तिथे नीट दुरुस्त झाली, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचं लिबरेटर स्क्वाड्रन उभं राहिलं. ही विमानं १९६८ पर्यंत चालली. आणि गंमत म्हणजे निवृत्त झाल्यावर त्यातलं एक भारताने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला दिलं. ज्यांच्या काळात ती मोडली गेली, त्यांच्याच संग्रहालयात कानपूरच्या भंगारातून उठलेलं विमान.

आता याच्या उलटं प्रकरण, तेही १९४८ चंच. काश्मीरमध्ये लढाई चालू, लष्कराला जीपा हव्यात आणि ताबडतोब हव्यात. लंडनमधले आपले हाय कमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी करार केला. २००० जीपा, नव्या नव्हेत, युद्धातल्या, दुरुस्त करून चालू केलेल्या. व्यवहार सुमारे ८० लाखांचा, आणि बरेच पैसे आधीच दिलेले. प्रत्यक्ष भारतात उतरल्या १५५, आणि त्याही धड चालेनात. संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून लोक आजही हेच प्रकरण सांगतात. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री गोविंदवल्लभ पंत यांनी सरकारच्या बाजूने विषय बंद केला आणि पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. राजकारणावर बोलायचं तर वेगळा भाग करावा लागेल. मला यातला एकच शब्द टोचतो, 'रिकंडिशन्ड'. बाहेरून रंग चकचकीत असेल आणि आत काय आहे ते कोणी उघडून पाहिलं नसेल तर काय होतं ते तिथे दिसलं. कानपूरला मोडकी विमानं घेतली आणि उडवली, लंडनमधून 'तयार' जीपा घेतल्या आणि त्या ढकलाव्या लागल्या.

महिंद्रची गोष्ट इथेच जोडून. के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदी-मंडळाचं काम बघत होते. तिथे त्यांची गाठ विलिजचे इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी पडली आणि ही गाडी आपल्या रस्त्यांना लागू पडेल हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९४५ मध्ये मुंबईत कंपनी निघाली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाने. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इथे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. माझगावला सुटे भाग आणून जीप जोडायला लागले, हळूहळू भागही इथेच बनायला लागले. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात खेमकरणच्या भागात अब्दुल हमीद यांनी १०६ मिलिमीटरची तोफ बसवलेल्या जीपवरून पॅटन रणगाडे फोडले ते तुम्ही शाळेत वाचलंय. म्हणजे जीपने 'आपली' लढाई नंतर लढलीच.

पण आमच्या गाडीने नाही. ती जन्मापासून सिव्हिल.

तरीही रिस्टोअर करायचं ठरलंच होतं. धुळ्याला आग्रा रोडवरून आत एका बोळात एक मिस्तरी आहेत. वय सत्तरच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. खानदेशातल्या निम्म्या काळ्यापिवळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. ट्रॅक्टरला बांधून गाडी पारोळ्याहून धुळ्याला नेली, पस्तीसेक किलोमीटरला चार तास लागले. चाचांनी बोनेट उघडलं आणि मला म्हणाले, "बेटा, ओरिजिनल करायची म्हणतोस, कुठलं ओरिजिनल?"

कारण आतलं इंजिन डिझेल. कंपनीतून गाडी आली तेव्हा पेट्रोल इंजिन होतं, हरिकेन नावाचं. १९७३ नंतर जगभर तेल भडकलं, पेट्रोल परवडेना, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली जीपांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवायचं काम सुरू झालं. आजोबांनी १९८१ मध्ये बसवून घेतलं. त्याच इंजिनावर गाडीने कापूस ओढला, केळी ओढली, लग्नाची वऱ्हाडं नेली, रात्री दोनला बाळंतपणासाठी बायकांना पारोळ्याच्या दवाखान्यात पोहोचवलं. माझे पप्पा त्याच गाडीवर गियर टाकायला शिकले.

चाचांनी दरवाजाजवळचा पत्रा थोडा घासून दाखवला. वर पांढरा रंग, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वेळी मारलेला. त्याखाली निळा. त्याखाली करडा-हिरवट. त्याखाली लाल प्रायमर. मी तिथे उभा राहून हसलो, कारण हे आमच्या रोजच्या कामासारखंच होतं. कोडमध्ये जुन्या अवस्थेला परत जायचं असेल तर सगळे बदल तारीखवार नोंदलेले असतात, तुम्ही एक नोंद निवडता आणि तिथवर परत जाता. त्यानंतरचं सगळं पुसलं जातं. इथे नोंदी रंगाच्या थरांत होत्या. १९६२ ला जायचं तर १९८१ पुसावं लागणार.

त्या वेळी मला ते पटलं नव्हतं, खरं सांगतो. मी हट्टाने पेट्रोल इंजिन शोधत होतो. ऑनलाइन एकाकडून 'खरी युद्धकालीन' पाटीसुद्धा मागवली, डॅशबोर्डवर लावायची, १९४३ साल कोरलेली. आली ती कोरी करकरीत, पॉलिशचा वास येत होता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, लूक ओरिजिनल आहे." ती पाटी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लावायची हिंमत झाली नाही आणि परत घ्यायला तो तयार नाही.

मग एका रविवारी चुलतभावाला घेऊन नगरला गेलो, आता अहिल्यानगर. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, राहुरी. तिथे लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ मध्ये उघडलेलं. ज्यांना हा विषय आवडतो त्यांनी गोव्याची एक ट्रिप रद्द करून इथे जावं. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, म्हणजे ज्या गाडीतून महाराजे फिरायचे तिच्यावरच पोलाद चढवलेलं. ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल. जपानी हा-गो, जो बघून मला धक्का बसला, इतका बुटका. जर्मन ८८ मिलिमीटरची तोफ. १९६५ मध्ये हाती लागलेला पॅटन. आपला विजयंता.

इतकं सगळं नगरलाच का, तर हे शहर ब्रिटिश काळापासून रणगाड्यांच्या प्रशिक्षणाचं ठिकाण आहे आणि आजही आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल तिथेच आहे. आणि तिथेच जपून ठेवलाय 'फामागुस्ता'.

हे नाव सायप्रसमधल्या एका बंदराचं. रणगाडा सेंच्युरियन, नंबर जेएक्स २०२, रेजिमेंट पूना हॉर्स. त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होता. जन्म पुण्याचा. १३ जून १९७१ ला कमिशन मिळालं, आणि डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो नगरलाच नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. कोर्स अर्धा टाकून रेजिमेंटकडे गेला. १६ डिसेंबर १९७१, शकरगढचा भाग, बसंतर नदी, जरपाल गाव. सुरुंगांनी भरलेल्या पट्ट्यातून वाट काढून आपले रणगाडे पलीकडे गेले आणि समोरून पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला आला. फामागुस्ताला मार बसला, आग लागली, वायरलेसवरून त्याला रणगाडा सोडून बाहेर यायला सांगितलं गेलं. तोफ अजून चालतेय म्हणून तो थांबला. शेवटचा गोळा लागला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. 'इक्कीस' हा सिनेमा त्याच्यावरच आहे.

(पूना हॉर्सचा आपल्या बाजूला एक लांबचा धागा आहे, चहाच्या वेळी सांगायला बरा. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला ठाणं करून खानदेश भिल्ल कोअर उभं केलं. तोच औट्रम १८५७ च्या सुरुवातीला इराणच्या मोहिमेवर सेनापती होता, आणि तिथे खुशाबच्या लढाईत त्याच्याबरोबर पूना हॉर्स होतं. बास, पुढे.)

फामागुस्ता परत आला, दुरुस्त झाला, आणि ज्या गावातून त्याचा अधिकारी कोर्स सोडून निघाला त्याच गावात येऊन थांबला. आता इथे विचार करा. सेंच्युरियन म्हणून 'ओरिजिनल' करायचा तर तो ब्रिटनच्या कारखान्यातून निघाला तसा करायला हवा, नाव नाही, नंबर नाही, १६ डिसेंबर नाही. तसा कोणी विचारही करणार नाही. त्या रणगाड्याची तारीख एकच आहे.

परतीच्या रस्त्यावर येवल्याला वडापाव खाताना भाऊ म्हणाला, "मग आपल्या जीपची तारीख कुठली?"

त्यानंतर कायद्याचा भाग पाहिला, तो तुमच्यासाठी थोडक्यात, कारण यात लोक फसतात. एक, हिरवा रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या त्या आर्मी लूकच्या थार आणि जीपा कुठल्याही नाक्यावर अडू शकतात. दोन, विंटेज नोंदणी. जुलै २०२१ मध्ये नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर पुन्हा करायला ५,०००. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेसाठीच. आणि मुख्य अट, गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. तीन, लष्कराच्या जुन्या गाड्या आता सरकारी ई-लिलावात निघतात, कुणा एजंटच्या 'माझी आत ओळख आहे' वर पैसे देऊ नका. आणि जुना तोफगोळा, काडतूस असलं काही शेतात किंवा भंगारात सापडलं तर हात लावायचा नाही, शोकेसमध्ये ठेवायचं नाही, पोलिसांना फोन करायचा. भुसावळ, वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या असलेल्या जिल्ह्यात राहतो आपण, दारूगोळा काय चीज असते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणजे माझा हिशोब असा झाला. डिझेल इंजिन ठेवलं तर विंटेजचा नंबर विसरायचा. नंबर हवा तर पेट्रोल इंजिन शोधून बसवायचं, बॉडी १९६२ सारखी करायची, आणि मग ती गाडी वर्षातून दोनदा रॅलीला काढायची. तिसरा मार्ग, हिरवा रंग, तारा आणि ड्रॉवरमधली पाटी. तो तर बेकायदेशीरही आणि खोटाही.

मी आजोबांशी हे बोलायला घाबरत होतो. नव्वदीला टेकलेला माणूस, आयुष्यभर ज्या गाडीला लढाईची म्हणत आला, तिच्या जाळीच्या खाचा मोजून दाखवायच्या? पण एका दुपारी बोललो. नऊ, सात, फोर्ड, विलिज, सगळं. ते तंबाखू मळत ऐकत होते. मग म्हणाले, "माले माहीत शे ना भो. मी कधी म्हनू लढाईनी शे? लोके म्हनेत. लगीनना भाडाले दहा रुपया जास्त देयेत, मंग मी कसाले नही म्हनू?"

चाळीस वर्षं.

आता एक गोष्ट राहिली. चाचांनी पुढचा ॲक्सल खोलला त्या दिवशी मी पुण्याहून धुळ्याला गेलो होतो. ते गंजके बोल्ट काढून डब्यात टाकत होते, बदलायचे म्हणून. मी एक उचलून कापडाने पुसला. बोल्टच्या डोक्यावर एक अक्षर, इंग्रजी एफ, फोर्डच्या सहीतलं असतं तसं वळणदार. सगळे पुसले. चार बोल्टांवर तेच निघालं. युद्धकाळात फोर्ड आपल्या जीपच्या भागांवर असा एफ उठवायचं, अगदी बोल्टांवरसुद्धा. चाचांना अजिबात नवल वाटलं नाही. त्यांच्या उस्तादाकडे डिस्पोजलच्या सुट्या भागांची पोती असायची, म्हणाले, वर्षानुवर्षं पुरली. ज्याला जे बसेल ते बसवायचे. आमच्या १९६२ च्या सिव्हिल गाडीत कुणा मिस्तरीने कधीतरी पोत्यात हात घालून हे चार बोल्ट लावले होते.

हे चार बोल्ट आम्ही बदलले नाहीत. म्हणजे ॲक्सलला नवे लावले, गाडी चालवायचीय, जीव धोक्यात घालायचा नाही. जुने गंजासकट पारदर्शक लॅकर मारून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलेत. इंजिन डिझेलच ठेवलं, फक्त खोलून नीट केलं. विंटेज नंबर मिळणार नाही, नको. रंग निळा दिला. कुठला निळा, हे ठरवायला आईपप्पांच्या लग्नाचा अल्बम काढला, त्यात झेंडूच्या माळा घातलेली जीप आहे. फोटो जुना, पिवळा पडलेला, म्हणून चाचांनी पांढऱ्या थराखालचा खरा निळा घासून काढला आणि त्याच्याशी जुळवला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा जमला.

गाडी परत आली त्या दिवशी आजोबांना पुढच्या सीटवर बसवून फाट्यापर्यंत गेलो. ते पूर्ण रस्ता गप्प होते. परत आल्यावर उतरताना एवढंच म्हणाले की सीटचं कव्हर आपलं लाल होतं, हे काळं कसाला लावलं?

लाल रेक्झिन शोधतोय. जळगावात कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि ते खाचा मोजायचं काम विसरू नका. फोटो पाठवताना गाडीचा नंबर तेवढा झाकून पाठवा.